एकटीचा पहिला समुद्रप्रवास : सोप्याकडून कठीणाकडे



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबई–गोवा–मुंबई असा तीन रात्रींचा क्रूझचा प्रवास केला. एकटीने. त्याआधी मोठ्या जहाजात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. समुद्र पाहिला होता तो दोनदा, गिरगाव चौपाटीवरून. पण किनाऱ्यावरून समुद्र बघणं म्हणजे शाळेच्या फाटकातून वर्ग बघण्यासारखं आहे. आत काय चाललंय ते कळत नाही.

परत आल्यावर सगळ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. ‘‘खर्च किती आला?’’ आणि ‘‘भीती नाही वाटली का?’’ पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला शाळेत, एका पालकाला, अगदी खरंखुरं द्यावं लागलं. कारण त्या उत्तरावर एका मुलीची आठवी अवलंबून होती. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी प्रवास.

जायचं का ठरवलं?

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात. आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे मोठं पाणी म्हणजे उजनी. चौथीला शिवरायांच्या आरमाराचा भाग शिकवताना एकाने विचारलं, ‘‘बाई, समुद्र उजनीपेक्षा मोठा असतो का?’’ वर्ग हसला. मी नकाशा दाखवला, अरबी समुद्र दाखवला, उजनीचा ठिपका दाखवला. मुलगा ‘हो’ म्हणाला, पण त्याला पटलेलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. डी.एड.ला आपण सगळेच ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ करतो. इथे अज्ञात मलाही नीट ज्ञात नव्हतं.

भिशीचे पैसे हातात आले आणि मी ठरवून टाकलं. आईची पहिली प्रतिक्रिया, ‘‘एकटी? आणि ती पण पाण्यावर?’’ स्टाफरूममध्ये एक ताई म्हणाल्या, ‘‘लग्न झाल्यावर जोडीनं जा की!’’ माझं वय एकतीस. लग्न कधी होईल ते माहीत नाही, दिवाळीची सुट्टी मात्र नक्की होती.

भाड्याचं गणित

एकटीने जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. जगभर क्रूझचं भाडं ‘एका खोलीत दोन माणसं’ असं धरून, माणशी लिहिलेलं असतं. एकटं माणूस गेलं तर दुसऱ्या रिकाम्या पलंगाचे पैसेही बहुतेक वेळा त्यालाच भरावे लागतात, कधी पूर्ण, कधी थोडे कमी. परदेशात काही जहाजांवर एका माणसापुरत्या खोल्या असतात. 2010 साली आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजात अशा 128 खोल्या होत्या. आपल्याकडे मला तरी तसा पर्याय मिळाला नाही. त्याशिवाय बंदराचे शुल्क, कर आणि सेवकांची बक्षिसी वेगळी असते. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत बराच फरक पडतो. म्हणून शेवटचा आकडा बघूनच ठरवावं.

मी बिनखिडकीची, सगळ्यांत स्वस्त खोली घेतली. एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली, ती म्हणजे खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असावी. सी-सॉ आठवा. टोकाला बसलेला वर-खाली होतो, मधला फारसा हलत नाही. जहाजाचंही तसंच. उलटी होण्याची भीती असणाऱ्यांनी मधली खोली घ्यावी. मळमळ वाटली तर मोबाईल ठेवून उघड्यावर यावं आणि क्षितिजाकडे बघत राहावं. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून.

आधी तालीम, मग प्रवास

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. आधारकार्ड, बॅगांची तपासणी, बॅगेला खोलीच्या नंबराची पट्टी, सगळं विमानतळासारखं. मोठी बॅग खोलीत उशिरा पोचते, म्हणून औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा.

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘‘मॅडम, साथ में कौन है?’’ म्हटलं, ‘‘कोई नहीं.’’ त्याने मान वर करून एकदा बघितलं आणि कार्ड दिलं. पुढच्या तीन दिवसांत हा प्रश्न मला किमान दहा वेळा आला. जेवणाच्या दारात, कार्यक्रमाच्या दारात, ‘‘कितने लोग?’’ पहिल्या वेळी ‘‘एक’’ म्हणताना आवाज बारीक झाला. दहाव्या वेळी तो हजेरी घेतानाचा आवाज होता.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेच्या तालमीसाठी बोलावलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमायचं, लाईफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. बरेच जण फोटो काढत होते, काही जण कंटाळले होते. मी मात्र शाळेतल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या तालमीला उभी असल्यासारखी ताठ उभी होते.

या तालमीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. 1912 साली टायटॅनिक बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली. 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम तोवर झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला. आता जहाज निघण्याआधी किंवा निघता निघताच ती घ्यावी लागते.

आणि आपल्याला इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमचं जहाज मुंबई बंदराच्या बाहेर पडत होतं, तेव्हा मला त्या बोटीची आठवण झाली. लाईफ जॅकेट कुठे आहे ते खोलीत जाऊन पुन्हा एकदा बघून आले. त्याला घाबरट म्हणा हवं तर. मला बघून बरं वाटलं.

रात्रीचा समुद्र

संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेले. मुंबईचे दिवे मागे मागे गेले. एका बाजूला दूर दीपगृहाचा उजेड ठरावीक अंतराने येत होता. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी असते, त्यावरून खलाशी ते कोणतं दीपगृह हे ओळखतात. म्हणजे दीपगृहांनाही हजेरी क्रमांक असतो म्हणायचा! मासेमारी करणाऱ्या होड्यांचे दिवेही दिसत होते. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा, हा नियम जगभर एकच. अंधारात फक्त दिवे बघून समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते कळतं.

मग दिवे संपले. चारी बाजूंना काळं पाणी, वर चांदण्या आणि खाली इंजिनाची घरघर. खरं सांगते, त्या वेळी पोटात गोळा आला. इथे कुणी ओळखीचं नाही. मोबाईलची रेंज गेलेली. (जाऊ द्यावी! समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि ते फार महाग पडतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा.) मी अर्धा तास तिथेच बसले. भीती गेली नाही, पण तिच्याबरोबर बसता आलं. नंतर भूक लागली.

पहिल्या रात्री ताट घेऊन कोपऱ्यातलं टेबल शोधलं आणि दहा मिनिटांत जेवण उरकलं. सगळी टेबलं भरलेली, घरंच्या घरं आलेली. दुसऱ्या रात्री मध्यभागी बसले, तासभर जेवले, दोनदा आईस्क्रीम घेतलं.

एकटी कोण?

माझ्या खोलीची साफसफाई करायला येणारी मुलगी ईशान्य भारतातली होती. वय तेवीस-चोवीस. पहिल्या दिवशी तिनेही विचारलं, ‘‘मॅडम अकेली?’’ मी हो म्हटलं आणि तिला विचारलं, ‘‘और तुम?’’ ती हसली. ‘‘मैं तो सात महिने से अकेली हूँ.’’

मी विचारात पडले. एकटी फिरायला आलेली बाई सगळ्यांना दिसते, तिच्याकडे माना वळतात. एकटी कामाला आलेली बाई कुणाला दिसतही नाही. आपल्यातल्या कितीतरी शिक्षिका पहिल्या नेमणुकीला घरापासून तीनशे-चारशे किलोमीटरवर एकट्या राहिल्या आहेत. फाट्यावर उतरून एकट्या चालत शाळेत गेल्या आहेत. त्याला कुणी धाडस म्हणत नाही. मग तीच बाई स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आनंदासाठी निघाली की सगळ्यांना काळजी का वाटते?

आणि अजून एक. बाहेरून बघताना क्रूझ हे फार मोठं धाडस वाटतं. पण एकटीने फिरायला सुरुवात करणाऱ्या मुलीसाठी ते बऱ्यापैकी सोपं आहे. रात्री हॉटेल शोधायचं नाही, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही, जेवणाची चिंता नाही. दाराला आतून कडी आहे, मदतीला चोवीस तास माणसं आहेत. सायकल शिकताना मागच्या चाकाला दोन छोटी चाकं लावतात ना, तसं हे आहे. अवघड भाग होता तो गोव्यात.

बंदरातले काही तास

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदराला लागलं. इथे छोटी चाकं काढलेली! वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे गेले. जुनी लढाऊ विमानं अगदी हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. मुलांसाठी फोटो काढले. माझी सगळी नजर घड्याळाकडे, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. जहाज सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी प्रवाशांना आत घेणं बंद होतं. मी अडीच तास आधीच परत येऊन बसले. पहिल्या वेळी असंच करावं.

तिसरा दिवस पूर्ण समुद्रावर. मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल. पूर्वी याच मार्गाने कोकणच्या बोटी जायच्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. चाकरमानी ट्रंका, वळकट्या आणि पोरं घेऊन बोटीतून हलत्या पडावात उतरायचे आणि मग किनाऱ्यावर. त्या बायकांचं धाडस माझ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. त्यांच्यासाठी तो नुसता गावचा रस्ता होता.

वर्गात काय घेता येईल?

मी परत आल्यावर घेतलेले उपक्रम देते. साहित्य सगळं घरातलंच आहे.

1. लोखंडी जहाज तरंगतं कसं? कणकेचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा बादलीत टाका, बुडतो. त्याच गोळ्याची पातळ वाटी करा, तरंगते. वजन तेवढंच आहे, पण वाटी जास्त पाणी बाजूला सारते. मग वाटीत एक एक चिंचोका टाकत जा आणि कितव्याला बुडते ते मोजा. मुलं तासभर हलत नाहीत.

2. समुद्र किती खारट? एक लीटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 35 ग्रॅम मीठ मोजून पाण्यात घाला आणि बोटाला लावून चव बघायला सांगा. अंडं मात्र एवढ्या मिठावर तरंगत नाही. आणखी मीठ घालत जा, कधी तरंगतं ते मुलांना शोधू द्या. जहाजावर समुद्राच्याच पाण्यातून क्षार काढून गोडं पाणी करतात, हेही सांगा.

3. सागरी मैल आणि नॉट. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पूर्वी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून, ठरावीक वेळात किती गाठी गेल्या ते मोजायचे, म्हणून हे नाव. 15 नॉट म्हणजे ताशी जवळजवळ 28 किलोमीटर. आमच्या मुलांनी लगेच निकाल दिला, ‘‘बाई, आपली एसटी जास्त पळते!’’

4. क्षितिज किती लांब? पाण्यापासून डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 3.57 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. डोळे 1 मीटर उंचीवर असतील तर साडेतीन किलोमीटर, जहाजावर 25 मीटर उंचीवर असतील तर सुमारे 18 किलोमीटर. हे वरच्या वर्गांना. लहानांसाठी मोठ्या चेंडूवर कागदी जहाज सरकवत न्या. डोळा चेंडूच्या जवळ ठेवून बघितलं की आधी जहाजाचं बूड दिसेनासं होतं, मग शीड. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा हातात येतो.

‘उजनीपेक्षा मोठा का?’ विचारणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगितलं : ‘‘उजनीला पलीकडचा काठ दिसतो. मी जहाजावर गोल फिरून चारी बाजूंना बघितलं, एकाही बाजूला काठ नव्हता.’’ या वेळी त्याला पटलं.

आता ते पालक

आमची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ‘अहिल्याबाई होळकर’ योजनेतून. तरी दर वर्षी एक-दोन मुली सातवीनंतर घरी बसतात. कारण विचारलं की उत्तर एकच, ‘‘एकटी कशी जाईल?’’

जानेवारीत एका मुलीचे वडील शाळेत आले. मुलगी हुशार, गणितात तर वर्गात पहिली. त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. मी पास, शिष्यवृत्ती, सगळं सांगून झालं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही तर समुद्रावर एकट्या जाऊन आलात म्हणे. खरं सांगा, भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्या रात्री फार वाटली.’’

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मग मी त्यांना भोंग्यांची तालीम सांगितली. संकट आलं तर कुठे जायचं, काय बांधायचं, कुणाला हाक मारायची हे आधी करून घेतात, मगच जहाज सोडतात. भीती तशीच राहते, पण हातापायांना काय करायचं ते माहीत असतं. ‘‘मुलीला भीती वाटणारच. तुम्हालाही वाटणार. आपण तालीम घेऊ या ना!’’

त्यांची खरी भीती बसची नव्हतीच, फाट्यापासून हायस्कूलपर्यंतच्या दीड किलोमीटर चालण्याची होती. ती आम्ही कागदावर लिहून काढली. बस चुकली तर? वाटेत कुणी त्रास दिला तर? पाऊस आला तर? प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर मुलीने स्वतः लिहिलं. मे महिन्यात दोन वेळा ती आईबरोबर जाऊन आली. मग वडील मागच्या बाकावर आणि ती पुढे, जणू ओळखच नाही, अशी एक फेरी झाली. शेजारच्या वस्तीवरची अजून एक मुलगी जोडीला मिळाली.

जूनमध्ये तिचं नाव आठवीत दाखल झालं. सध्या जाते. पावसात एसटी बुडाली की वडील मोटारसायकल काढतात आणि कुरकुरतात. पण काढतात.

पालकांसाठी चार पायऱ्या

‘सोप्याकडून कठीणाकडे’ हे सूत्र फक्त गणिताचं नाही. एकटं जाणं हेही शिकवावं लागतं, मुलींना आणि मुलांनाही.

* पहिली-दुसरी : कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वस्तू आणणं, उरलेले पैसे मोजून परत देणं. स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि एक फोन नंबर पाठ.
* तिसरी-चौथी : पोस्टात, ग्रामपंचायतीत, बँकेत मोठ्यांबरोबर जाणं, पण बोलायचं मुलाने.
* पाचवी-सहावी : एसटीची पाटी वाचणं, तिकीट स्वतः काढणं, उतरायचा थांबा स्वतः ओळखणं. मोठं माणूस बरोबर, पण गप्प. 112 हा नंबर कशासाठी ते माहीत असणं.
* सातवी : ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी एकटं किंवा जोडीने जाणं. ‘बस चुकली तर काय?’ याचं उत्तर आधी तयार.

माझ्या आईने आता पुढचा प्रश्न काढलाय, ‘‘पुढच्या वेळी मला नेशील का?’’ खोलीतला दुसरा पलंग तसाही रिकामाच असतो. त्याचं भाडं मी भरलेलंच आहे एकदा!

येत्या हिवाळ्यात चौथीच्या मुलांना उजनीच्या काठावर न्यायचा विचार आहे. रोहित पक्षी येतात तेव्हा. क्षितिजाचं गणित तिथेही करून बघू, पलीकडचा काठ मध्ये येतो तेवढीच अडचण. तुमच्या शाळेत मुलांना एकट्याने जाण्याचा सराव तुम्ही कसा देता, तेही जरूर कळवा.